कोर्तेसने जहाजं जाळली नव्हती, आणि मेक्सिको ५०० जणांनी जिंकला नव्हता

प्रेरणादायी भाषणांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सुविचारांत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो साधारण असा: “१५१९ साली स्पेनचा एर्नान कोर्तेस ५०० माणसं घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. उतरताच त्याने जहाजं जाळून टाकायचा हुकूम दिला. परतीचे दोर कापले गेले, सैन्य जिवावर उदार होऊन लढलं आणि ५०० जणांनी लाखोंचं साम्राज्य जिंकलं. तिथल्या राजाने तर त्याला देवच मानलं होतं.”

साल आणि उतरलेल्या माणसांचा आकडा साधारण बरोबर आहे. बाकीचं चूक आहे, आणि ही चूक साधी नाही. युद्ध जिंकणारे बहुतेक लोक तिच्यामुळे इतिहासातून गायब होतात.

“उतरताच जहाजं जाळली”

कोर्तेस एप्रिल १५१९ मध्ये आजच्या वेराक्रूझजवळ उतरला. जहाजं मोडली ती उन्हाळ्यात, तीनेक महिन्यांनी. ती कशी मोडली हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. सम्राट कार्लोसला ३० ऑक्टोबर १५२० रोजी लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, जहाजं समुद्रात जायच्या लायकीची उरलेली नाहीत असं निमित्त करून मी ती किनाऱ्यावर चढवली. आगीचा उल्लेख नाही. त्याच्या सैन्यात असलेला बेर्नाल दिआसही तेच सांगतो आणि एक महत्त्वाची भर घालतो: आधी नांगर, दोरखंड, शिडं आणि उपयोगी पडेल ते सगळं उतरवून घेतलं, मगच जहाजं वाळूत रुतवली. जाळल्याची गोष्ट नंतरच्या लेखकांनी आणली.

हे केलं कशासाठी? धोका समोरच्या शत्रूकडून नव्हता, पाठीमागे क्यूबात होता. कोर्तेसला क्यूबाचा गव्हर्नर दिएगो वेलास्केसने पाठवलं होतं ते किनारा धुंडाळायला आणि व्यापार करायला. वसाहत करायचा अधिकार त्याला नव्हता. त्याने किनाऱ्यावर ‘व्हिया रिका दे ला वेरा क्रूझ’ नावाचं नगर कागदोपत्री स्थापलं, आपल्याच माणसांची नगरसभा नेमली आणि त्या सभेकडून स्वतःला सेनापती करून घेतलं. आता आपण थेट राजाच्या हाताखाली आहोत, असा त्याचा दावा होता. वेलास्केसच्या नजरेत हे सरळ बंड होतं.

सैन्यात वेलास्केसची माणसं होतीच. त्यांनी एक जहाज पळवून क्यूबाला खबर द्यायचा बेत केला आणि तो फुटला. दोघांना फाशी झाली, एका सुकाणूधाराचे पाय छाटायची शिक्षा झाली. त्यानंतर जहाजं मोडली गेली. म्हणजे हा हुकूम शूरांना स्फुरण चढवायला नव्हता, फितूर होऊ पाहणाऱ्यांची वाट अडवायला होता. शिवाय जहाजांवर अडकलेले शंभरेक खलाशी पायदळाला मिळाले.

“परतीचा मार्गच उरला नाही”

मार्ग कायम होता. जहाजं मोडायच्या आधी, जुलै १५१९ मध्ये, कोर्तेसने एक जहाज सोनंनाणं आणि पत्रं देऊन स्पेनला रवाना केलं होतं. १५२० च्या वसंतात वेलास्केसने त्याला पकडायला पान्फिलो दे नार्वाएसला पाठवलं. त्याच्याबरोबर अठराएक जहाजं होती आणि माणसं कोर्तेसच्या सैन्याहून कितीतरी जास्त. कोर्तेसने नार्वाएसला हरवून ती माणसं, घोडे आणि जहाजं आपल्याकडे वळवली. त्याच वर्षाच्या अखेरीस नार्वाएसच्या काही लोकांनी परत जायचा हट्ट धरला, तेव्हा कोर्तेसने त्यांना जहाज देऊन क्यूबाला जाऊ दिलं. परतीचे दोर कापणारा माणूस असं करत नाही.

मोडलेल्या जहाजांचं पुढे काय झालं

फिरत्या मजकुरात हा भाग कधीच नसतो, आणि खरं युद्ध इथेच कळतं. मेशिका (अझ्टेक) लोकांची राजधानी तेनोच्तित्लान तळ्याच्या मधोमध होती. पाण्यातून बांधलेल्या अरुंद रस्त्यांनी ती किनाऱ्याला जोडलेली होती, आणि त्या रस्त्यांत काढता येणारे पूल होते. ३० जून १५२० च्या रात्री कोर्तेसचं सैन्य शहरातून पळायला निघालं तेव्हा मेशिकांनी पूल काढून ठेवले होते. स्पॅनिशांनी लाकडी पूल बरोबर नेला होता. तो पहिल्याच खिंडाराच्या पुढे नेता आला नाही. दोन्ही बाजूंनी होड्यांतून मारा होत होता. शेकडो स्पॅनिश आणि त्यांच्या बाजूने लढणाऱ्या त्लाश्काला या नगरराज्याचे त्याहून कितीतरी जास्त सैनिक तिथे मेले.

तळ्यावर ताबा नसेल तर शहर हाती लागणार नाही, हे त्या रात्रीने पक्कं केलं. जहाजबांधणी जाणणाऱ्या मार्तिन लोपेसने त्लाश्कालात तेरा ब्रिगँटीन (शिडं आणि वल्ही असलेली छोटी गलबतं) बांधायला घेतली. वेराक्रूझला जपून ठेवलेलं लोखंड, नांगर, दोरखंड आणि शिडं डोंगर चढवून तिथे आणली. राळ पाइनच्या जंगलातून काढली. सांगाडे जुळवून पाहिले, पुन्हा सुटे केले आणि तळ्याकाठच्या तेश्कोकोला नेले. ओझी वाहायला आठ हजार माणसं होती आणि कोर्तेस लिहितो की रांग शहरात शिरायला सहा तासांहून जास्त वेळ लागला. तेश्कोकोपासून तळ्यापर्यंत सुमारे अर्धा लीग, म्हणजे अडीच-तीन किलोमीटर लांबीचा कालवा खणावा लागला. त्याच्याच आकड्यानुसार रोज आठ हजार माणसं, पन्नास दिवस. २८ एप्रिल १५२१ रोजी गलबतं पाण्यात उतरली.

एकेका ब्रिगँटीनवर साधारण पंचवीस जण: बारा वल्हेकरी, तेवढेच तिरंदाज-बंदूकवाले आणि एक कप्तान. वल्हवायला कोणी राजी होईना. शेवटी जे पूर्वी खलाशी किंवा कोळी होते त्यांना शोधून सक्तीने बसवलं.

आग मात्र एकदा खरंच लागली होती. लोपेसने त्याआधी, मेशिकांचा राजा मोक्तेसुमा कोर्तेसच्या कैदेत असताना, याच तळ्यावर चार लहान ब्रिगँटीन बांधली होती. १५२० च्या उठावात मेशिकांनी ती जाळली.

“५०० जणांनी साम्राज्य जिंकलं”

ही ओझी कोणी वाहिली, कालवा कोणी खणला? त्लाश्काला आणि तेश्कोकोच्या लोकांनी. वेढ्याच्या सुरुवातीला कोर्तेसकडे नऊशेच्या आसपास स्पॅनिश होते, त्यांत ८६ घोडेस्वार. १५२२ च्या पत्रात तो पन्नास हजारांहून जास्त त्लाश्काल्तेक योद्ध्यांचा उल्लेख करतो, आणि बाकीची नगरं वेगळी. त्लाश्कालाचं मेशिकांशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं. १५१९ च्या सप्टेंबरात ते आधी कोर्तेसशीच लढले आणि मग हिशेब करून त्याच्याशी जुळले. त्यांच्या दृष्टीने हे त्यांचं युद्ध होतं.

बंदुकांचा धाक म्हणाल, तर क्यूबाहून निघताना १३ बंदूकवाले आणि १६ घोडे होते. देवीच्या साथीचं काम त्याहून भयानक होतं. ती १५२० मध्ये आली आणि मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला क्वीत्लावाक काही आठवड्यांतच तिने गेला. मे १५२१ मध्ये वेढा घालताना सर्वात आधी चापुल्तेपेकहून येणारा पाण्याचा पाट तोडला. तळ्याचं पाणी खारट, त्यामुळे शहर तहानेने, भुकेने आणि आजाराने खचलं. १३ ऑगस्टला क्वीत्लावाकनंतरचा राजा क्वाउतेमोक पकडला गेला.

“राजाने त्याला देव मानलं”

कोर्तेसला ज्या देवाचा अवतार मानलं असं सांगतात, त्या केत्झाल्कोआत्लचं नावच कोर्तेसच्या १५२० च्या पत्रात नाही. उलट त्यात मोक्तेसुमा म्हणतो की, मी तुमच्यासारखाच हाडामांसाचा आहे. देव परत आल्याची कथा पराभवानंतर अनेक दशकांनी लिहून काढलेल्या वृत्तांतांत ठळक झाली. शिवाय बोलणं व्हायचं ते दोन दुभाष्यांतून: मालिंत्सिन ही स्थानिक स्त्री मेशिकांच्या नाहुआतल भाषेचं माया भाषेत करायची आणि हेरोनिमो दे आगिलार मायाचं स्पॅनिशमध्ये.

“आणि तो मेक्सिकोचा धनी झाला”

काही मजकुरांत हा शेवटही असतो. १५२९ मध्ये त्याला ओआहाकाच्या खोऱ्याचा मार्किस केलं आणि २३,००० रयत दिली हे खरं. पण राज्यकारभार हातून गेला होता. १५३५ मध्ये नव्या स्पेनवर राजाचा व्हाइसरॉय आला. कोर्तेस १५४० मध्ये तक्रारी घेऊन स्पेनला गेला आणि २ डिसेंबर १५४७ रोजी सेव्हियाजवळ वारला, तोवर दरबारात अर्ज-विनंत्याच चालू होत्या. त्याच्यावरही दावे होते. त्यांतला एक ब्रिगँटीनच्या मजुरीसाठी मार्तिन लोपेसने लावलेला.