ती पावलोवा नव्हे, कराली!

‘मरणारा हंस नाचताना अ‍ॅना पावलोवा, १९१७’ अशा मथळ्याखाली एक मूक क्लिप सध्या जो तो पुढे ढकलतोय. वर्ष बरोबर, बाई चुकीची. ही रशियाची प्रसिद्ध बॅले नर्तकी पावलोवा नव्हेच. ती आहे व्हेरा कराली, मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरची बॅले नर्तकी. १९१४ पासून ती सिनेमात आली आणि रशियन मूकपटांची नायिका झाली. ही क्लिप दिग्दर्शक येव्गेनी बाउएर यांच्या ‘मरणारा हंस’ या चित्रपटातली. त्यात कराली मुक्या नर्तकीच्या भूमिकेत आहे. तिच्या दुःस्वप्नात अंधारातून नुसते हातच हात तिच्याकडे झेपावतात, तो प्रसंग आजही अंगावर काटा आणतो.

घोटाळा व्हायला कारणं आहेत म्हणा. ‘मरणारा हंस’ हे नृत्य रशियन नृत्यदिग्दर्शक फोकिनने मुळात पावलोवासाठीच बसवलं होतं. शिवाय १९१६ च्या एका अमेरिकन मूकपटात पावलोवाही मुक्या मुलीचंच काम करून गेली! पावलोवाचा हंसही कॅमेऱ्यात टिपलेला आहे, पण तो पुढे १९२०च्या दशकात. त्यात नुसता नाच आहे, कथा नाही.

मथळा तेवढा बदला. क्लिप खुशाल फिरू द्या.