प्ले काढायचा म्हणजे कोन पिळायचा नव्हे

फिक्स्ड गिअरच्या, म्हणजे चाकाबरोबर पेडलही सतत फिरणाऱ्या, सायकलचे मागचे चाक रिमला धरून आडवे हलवले आणि बेअरिंगमधल्या ढिलेपणाची, म्हणजे ‘प्ले’ची, टकटक जाणवली, की आमच्याकडच्या बहुतेक मेकॅनिकांचे निदान तयारच असते: ‘कोन आवळावा लागेल.’ कोन म्हणजे एक्सलवर, चाकाच्या मधल्या दांड्यावर, आट्यांनी बसणारा शंकूसारखा भाग, ज्यावर बेअरिंगचे छरे फिरतात. मग हाताला लागेल तो जाडजूड पाना घेऊन, दुसऱ्या बाजूने एक्सल धरण्याची तसदीही न घेता, कोन असा काही पिळला जातो की प्ले जातो आणि त्याबरोबर चाकाचे फिरणेही जाते. ‘चालवल्यावर मोकळे होईल’ हे वर ऐकून घ्यायचे. मोकळे होतेच, पण कोनावर छऱ्यांनी खड्डे पाडल्यामुळे!

यात एवढे अवघड काय आहे? कोन पातळ पान्याने जागच्या जागी धरून ठेवायचा आणि दुसऱ्या पान्याने लॉकनट, म्हणजे कोनाला जागेवर अडकवणारा बाहेरचा नट, आवळायचा. आवळताना आट्यांमधली ढील निघते आणि कोन किंचित आत सरकतो, म्हणून आधी केसभर प्ले ठेवायचा. क्विक रिलीजच्या, म्हणजे लिव्हर दाबून चाक आवळण्याच्या, पोकळ एक्सलमध्ये हा प्ले शेवटपर्यंत राखावा लागतो, कारण लिव्हर दाबल्यावर एक्सल आखडतो. ट्रॅक हबचा, म्हणजे फिक्स्ड गिअरच्या चाकाच्या मधल्या तुंब्याचा, एक्सल भरीव आणि नटांनी आवळलेला असतो. तिथे प्ले शून्य आणि फिरणे मोकळे, ही दोन्ही चाक बसवण्याआधीच साधावी लागतात. एक्सल बोटांनी फिरवताना एके ठिकाणी अडत आणि दुसरीकडे ढिला लागत असेल, तर बहुधा तो वाकलेला असतो आणि कोन कितीही फिरवला तरी उपयोग नसतो. हे सांगितले, की समोरचा असा पाहतो जणू मी त्याच्या पोटावर पाय द्यायला आलो आहे.

हब विकणाऱ्यांची तऱ्हा तर आणखी संतापजनक आहे. ‘सील्ड बेअरिंग आहे, कटकट नाही,’ एवढ्यावर, म्हणजे कोनाऐवजी सीलबंद तयार बेअरिंग बसवले म्हणून, दुप्पट किंमत सांगतात. जपानच्या केइरिन या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींसाठी मान्यता असलेला शिमानोचा ड्युरा-एस 7600 हब मात्र कप-कोनचाच, म्हणजे कप आणि कोन यांच्यामध्ये सुटे छरे असलेलाच, आहे. सील्ड हबमध्ये पुष्कळदा 6000 क्रमांकाचे, आत 10, बाहेर 26 आणि जाडीला 8 मिलीमीटरचे, बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात मिळणारे बेअरिंग असते. खरी कारागिरी असते ती हबमधली बेअरिंगची बैठक मापात कापण्यात. तिथे बेअरिंग अंगठ्याने दाबून आत जात असेल, तर तो प्ले कोणताही पाना काढू शकणार नाही. बदलताना आतल्या रिंगवर हातोडी मारणारे महाभाग वेगळेच, कारण तो घाव छऱ्यांमधून थेट छरे धावतात त्या खाचेवर बसतो.

याउपर चाकाला गरगर गिरकी देऊन ‘बघा, थांबतच नाही’ म्हणणारे भेटतात. ग्रीस आणि सील यांची ओढ नसली, की वर भार नसलेले चाक फिरतच राहते. ग्रीस नसलेला टाकाऊ हबसुद्धा या परीक्षेत पहिला येईल. एक्सल बोटांत धरून खरखर तपासू का, असे विचारावे तर खोके फोडायला मनाई, आणि घरी आणल्यावर खरखर लागली तर ‘उघडलेला माल परत घेत नाही.’