टीव्हीची तार काढा, सर्व्हरला तार लावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

घरच्या मीडिया सर्व्हरवरच्या (आपले चित्रपट साठवून घरातल्या टीव्हीला पाठवणाऱ्या संगणकावरच्या) लेखाला तुम्ही आकडे देऊन प्रतिक्रिया लिहिलीत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतंय. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. लेखात "टीव्हीला तार लावा" असं होतं, म्हणून तुम्ही राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ (नेटवर्कची तांब्याची केबल) टाकलीत. ६० जीबीचा, २ तास १० मिनिटांचा फोर-के चित्रपट त्या तारेवर मध्येच थांबतो. तार काढून टीव्ही वाय-फायवर घेतला की थांबणं कमी होतं, पण पूर्ण जात नाही आणि त्या वेळी घरातल्या बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल अडखळतात. सर्व्हर म्हणजे बेडरूममधला लॅपटॉप, तोही वाय-फायवर. राउटर हॉलमध्ये टीव्हीजवळ, फ्लॅट मायवनचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींचा. यावरून तुमचा निष्कर्ष असा की तारेचा सल्ला कालबाह्य आहे; आता मेश (घरभर वाय-फाय पोचवणारी दोन-तीन खोक्यांची जोडणी) घ्यायचं, नाहीतर सरळ पेन ड्राइव्ह लावायचा.

तारेबद्दलची तुमची तक्रार खरी आहे आणि चूक लेखाची आहे. बहुतेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट, महागड्या मॉडेलांचंसुद्धा, फक्त १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) असतं. प्रत्यक्षात त्यातून ९४ च्या आसपास मिळतात. कंपन्यांनी ते पोर्ट ओटीटी डोळ्यांपुढे ठेवून दिलेलं आहे. नेटफ्लिक्स स्वतः फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं, म्हणजे त्या कामाला १०० भरपूर झाले. तुमची फाइल मात्र ओटीटीची नाही, डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेली आहे. ६० जीबी गुणिले ८ (बाइटचे बिट करायला) आणि भागिले ७८०० सेकंद केलं की सरासरी येते साधारण ६२ एमबीपीएस. सरासरी ९४ च्या आत बसते, पण चित्रपट सरासरीने चालत नाही. पाऊस, धूर, पाण्याचे तुषार, जुन्या फिल्मचे दाणे असं काही पडद्यावर आलं की अशा फाइलचा वेग काही सेकंद ११०-१२० पर्यंत जातो. टीव्हीवरच्या ॲपचा बफर (पुढचा भाग आधीच उतरवून ठेवायची जागा) लहान असतो, तो तेवढ्यात रिकामा होतो आणि चित्र थांबतं. तुमचा चित्रपट दर वेळी त्याच दोन-तीन ठिकाणी थांबतो असं तुम्ही लिहिलंय. कारण हेच. नेटवर्कचा दोष असता तर थांबण्याची जागा रोज बदलली असती.

लेखात हे १०० चं बंधन लिहायलाच हवं होतं. आज ती दुरुस्ती केली आहे.

पण यावरून तार जुनी झाली असं ठरत नाही. तुमच्या घरात तार चुकीच्या टोकाला लागली आहे. तार की वाय-फाय हे ठरवण्याआधी एक गोष्ट मोजा : सर्व्हरपासून पडद्यापर्यंत जाताना तोच डेटा हवेतून किती वेळा जातो?

टीव्ही वाय-फायवर असतो तेव्हा तुमच्याकडे तो दोनदा जातो. लॅपटॉप ते राउटर एकदा, राउटर ते टीव्ही पुन्हा एकदा, आणि दोन्ही वेळा त्याच चॅनलवरून. वाय-फायमध्ये साधारणपणे एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीची थांबून राहतात. राउटरच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो, वाटून घ्यायची असते ती वेळ.

तुम्ही दिलेलेच वेग घेऊन हिशोब करू. काँक्रीटच्या भिंतीआडून लॅपटॉपला प्रत्यक्ष १५० एमबीपीएस मिळतात, हॉलमध्ये टीव्हीला ३००. फाइल ६२ ने चालली आहे तोवर लॅपटॉप चॅनलचा ४१ टक्के वेळ खातो आणि टीव्ही २१ टक्के. म्हणजे नुसता चित्रपट लावला की हवेतला ६२ टक्के वेळ संपला. उरलेल्या ३८ टक्क्यांत घरातले मोबाइल, शेजाऱ्यांचा त्याच चॅनलवरचा राउटर आणि तो अडखळणारा व्हिडिओ कॉल. फाइलने ११५ ची उसळी घेतली की लॅपटॉपचे ७७ आणि टीव्हीचे ३८ मिळून ११५ टक्के होतात. इतका वेळ चॅनलकडे नाहीच. तुमचं ४०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन यात कुठेच येत नाही; हा सगळा डेटा घरातल्या घरात फिरतोय, त्यामुळे प्लॅन वाढवून एका पैशाचाही फायदा होणार नाही.

आता लॅपटॉप राउटरच्या गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) पोर्टला तारेने जोडा आणि टीव्ही वाय-फायवरच राहू द्या. हवेतून जाणं एकदाच उरतं : सरासरीला २१ टक्के, उसळीला ३८. चित्रपटही चालेल, कॉलही चालेल. म्हणून तुमच्या घरापुरता सल्ला उलटा : टीव्हीची तार काढा, सर्व्हरला तार लावा.

टीव्हीलाही तारेवरच ठेवायचं असेल तर यूएसबी-ते-लॅन गिगाबिट ॲडॉप्टर बऱ्याच ॲन्ड्रॉइड टीव्हींवर चालतो. टीव्हीचं यूएसबी पोर्ट २.० असलं तरी ३०० च्या आसपास मिळतात, म्हणजे या फाइलला पुरून उरतात. प्रत्येक टीव्हीत त्याचा ड्रायव्हर असेलच असं नाही, तेव्हा परत करता येईल असाच घ्या. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर त्यालाही असाच ॲडॉप्टर लागेल, पण तो यूएसबी ३.० च्याच पोर्टात लावा.

मेशबद्दल. बेडरूममध्ये मेशचं दुसरं खोकं ठेवलं आणि ते हॉलमधल्या पहिल्या खोक्याशी बिनतारी बोललं, तर हवेतल्या फेऱ्या कमी होत नाहीत, उलट एक वाढते : लॅपटॉप ते दुसरं खोकं, दुसरं ते पहिलं, पहिलं ते टीव्ही. ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच पट्टे असलेल्या) मेशमध्ये या तिन्ही फेऱ्या बहुधा त्याच ५ गिगाहर्ट्झवर होतात. ट्राय-बँडमध्ये खोक्यांच्या आपसातल्या बोलण्याला वेगळा रेडिओ असतो, तिथे परिस्थिती बरी. पण मायवनमध्ये आतल्या भिंतीही सळईच्या काँक्रीटच्या. जुन्या इमारतीतल्या साडेचार इंची विटेच्या भिंतीतून जे ५ गिगाहर्ट्झ पलीकडे पोचतं, ते या भिंतीत फार क्षीण होतं, आणि वेगळा रेडिओ असला तरी त्याला जायचंय याच भिंतीतून. मेश घ्यायचंच असेल तर दोन खोक्यांमध्ये तार टाका. मग ते खरोखर उत्तम चालतं. आणि नवं खोकं ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवा, म्हणजे ते फक्त वाय-फाय देईल, राउटरचं काम करणार नाही. फायबरवाल्याचा राउटरही उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटतोय आणि तुमचाही वाटतोय असं झालं की घराची दोन वेगळी नेटवर्कं होतात. टीव्ही एकात, लॅपटॉप दुसऱ्यात, आणि टीव्हीवरच्या डीएलएनएच्या (घरातले सर्व्हर शोधणाऱ्या सोयीच्या) यादीत सर्व्हर दिसतच नाही. "सर्व्हर सापडत नाही" म्हणून याच लेखाखाली आलेल्या तक्रारींत हे कारण आधी तपासावं. मोड बदलणं अगदी सोपं आहे.

तार टाकायची कशी, हा तुमचा खरा अडथळा दिसतो. मायवनची भिंत कापू नका. ती भार पेलणारी भिंत आहे, तिच्यात झिरी मारणं म्हणजे इमारतीच्या सांगाड्याला हात लावणं. आणि त्याची गरजही बहुधा नाही. बेडरूममध्ये डिश टीव्हीचा पॉइंट असतो आणि त्याची काळी किंवा पांढरी कोॲक्स केबल भिंतीतल्या पाइपातून येते. तो पॉइंट वापरात नसेल तर तीच कोॲक्स ओढतार म्हणून वापरा. दोन्ही टोकांच्या पेट्या उघडून आधी खात्री करा की केबल मागेपुढे सरकते आणि ती हॉलमध्येच निघते. काही फ्लॅटमध्ये हा पाइप थेट बाहेरच्या डक्टमध्ये जातो. मग कोॲक्सच्या टोकाला कॅट-६ आणि एक नायलॉनची दोरी असं दोन्ही बांधा. गाठ जाड होऊ देऊ नका, इन्सुलेशन टेप निमुळती गुंडाळा. एकाने ओढायचं, दुसऱ्याने पलीकडून सारायचं. दोरी पाइपातच राहू द्या, पुढच्या केबलला कामी येते. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र कॅट-६ घालायची नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी.

पाइप नसेल किंवा भाड्याचं घर असेल तर स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी लावा आणि दाराच्या चौकटीला वळसा द्या. ८० चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये १५ ते २० मीटर केबल पुरते. कॅट-६ ची मर्यादा १०० मीटर, तेव्हा लांबीची चिंताच नको.

चिंता करायची ती केबलच्या तांब्याची. बाजारात कॅट-६ म्हणून विकली जाणारी बरीच स्वस्त केबल ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ती वळवताना आत तुटते आणि पंचिंगच्या ठिकाणी (तार सॉकेटमध्ये दाबून बसवतात तिथे) काही महिन्यांत सैल होते. एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर परत द्या. पूर्ण ३०५ मीटरची पेटी घेणार असाल तर वजन करा : २३ गेजच्या अस्सल केबलमध्ये नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं.

टोकांना दोन्हीकडे एकच क्रम ठेवा : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका. पाइपातल्या कडक केबलला थेट प्लग मारण्यापेक्षा भिंतीवर आयओ सॉकेट (नेटवर्क केबलचा पॉइंट) बसवा आणि तिथून लॅपटॉपपर्यंत तयार पॅचकॉर्ड लावा. इथे एक चूक हमखास होते. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसली नाही तर नेट चालतं, दिवे लागतात, सगळं ठीक वाटतं, पण लिंक १०० वर अडकलेली असते. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसते का, हे काम संपायच्या आधी, वायरमन घरात असतानाच बघा. राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये स्विच ठेवणार असाल तर खोक्यावर "१०/१००/१०००" असलं पाहिजे. नुसता "१०/१००" वाला स्विच अजूनही सर्रास विकला जातो.

पेन ड्राइव्ह. एक टीव्ही, एक माणूस आणि आठवड्याला एक चित्रपट असेल तर पेन ड्राइव्ह खरंच बरा. त्याला विरोध नाही. एवढंच बघा की तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला नसावा, कारण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस घ्या, तुमचा टीव्ही त्यातलं काय वाचतो ते तपासून.

वीजबिलाचा मुद्दा तुम्ही ओझरता काढलाय. लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवण्यापेक्षा इंटेल एन-१०० वर्गातला मिनी पीसी आणि एक हार्ड डिस्क मिळून साधारण १५ वॉट धरा. महिन्याला ११ युनिटच्या आत बसतं, तुमच्या स्लॅबच्या दराने गुणा. रास्पबेरी पाय ५ विजेला याहूनही हलका, पण त्याच्या चिपमध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. टीव्हीला न पेलणारी फाइल सर्व्हरने बदलून द्यायची वेळ आली की तो थकतो.

आणि ही वेळ कशाने येते, तर बऱ्याचदा सबटायटलने. तुम्ही जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरता. चित्रपट लावल्यावर डॅशबोर्डवर "डायरेक्ट प्ले" (फाइल जशीच्या तशी) दिसतं की "ट्रान्सकोड" (सर्व्हरने बदलून दिलेली), ते बघा. डिस्कमधली सबटायटलं अक्षरं नसून चित्रं असतात. टीव्हीला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती प्रत्येक फ्रेमवर छापून अख्खा व्हिडिओ नव्याने बनवतो, आणि चार वर्षं जुना लॅपटॉप फोर-केला तिथे गुदमरतो. मग दोष नेटवर्कवर येतो. त्याऐवजी एसआरटी, म्हणजे अक्षरांतल्या सबटायटलची, फाइल वेगळी ठेवा. मराठी सबटायटल असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि तिचं नाव चित्रपटाच्याच नावाचं ठेवून पुढे भाषेची "एमआर" ही दोन अक्षरं, छोट्या लिपीत, टिंब देऊन जोडा. जेलीफिन ती मराठी म्हणून ओळखतं. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट नाही असं समजा : नोटो सान्स देवनागरी एका फोल्डरमध्ये टाका आणि जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये पर्यायी फॉन्टसाठी तो फोल्डर दाखवा.

तार टाकण्याआधी एक चाचणी करून घ्या, भिंतीला हात न लावता. २० मीटरची तयार पॅचकॉर्ड आणा आणि एका संध्याकाळपुरती जमिनीवरून बेडरूमपर्यंत सोडा. लॅपटॉप तारेवर, टीव्ही वाय-फायवर, चित्रपट तोच आणि थांबायचा तोच प्रसंग. शिवाय लॅपटॉपवर आयपर्फ-३ (नेटवर्कचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर म्हणून चालवा, टीव्हीजवळ ठेवलेल्या फोनवर त्याचंच ॲप घेऊन ६० सेकंद मोजा, मग दिशा उलटी करून पुन्हा मोजा. रात्री नऊ-साडेनऊला मोजा, शेजाऱ्यांचे राउटर तेव्हाच भरात असतात. दोन्ही आकडे आणि जेलीफिनच्या डॅशबोर्डवर काय दिसलं ते इथेच खाली लिहा. सर्व्हरकडून फोनकडे २०० च्या वर मिळत असूनही चित्र थांबलं, तर दोष नेटवर्कचा नाही, ट्रान्सकोडचा किंवा टीव्हीच्या ॲपचा आहे, आणि मग आपण फाइलच्या कोडेकपासून (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीपासून) बघू.