आमच्या आयांना कुठे झाला म्हणे त्रास!

सकाळपासून डोकं फिरलंय, लिहिल्याशिवाय रात्री झोप यायची नाही. तशीही येत नाहीच, पण ते पुढे. पोस्ट लांब होणारे, कंटाळा आला तर खुशाल पुढे जा, राग नाही.

तर आज रविवार. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये 'चाळिशीनंतर हार्मोन बॅलन्स, नैसर्गिक मार्गाने' असं सेशन होतं, म्हणजे मेनोपॉजवर, पाळी जाण्याच्या काळावर. फुकट. त्यात चहा आणि बाकरवडी, म्हणजे पुण्यात अजून काय पाहिजे, दहाच्या ठोक्याला पंचवीस-तीस बायका हजर, त्यात मी पण. बोलणाऱ्या बाई पन्नाशीच्या, सुरेख इरकल नेसलेल्या, आवाज एकदम मधाळ. पहिली पंधरा मिनिटं मी पण मान डोलवत होते, खोटं कशाला बोलू. वेळेवर झोपा, साखर कमी करा, चाला, ऊन घ्या, तीळ खा. ह्यात कोण काय आक्षेप घेणार. आणि मग बाई म्हणाल्या, "आपल्या आयांना, आज्यांना कुठे होता हो मेनोपॉज? कधी ऐकलंत त्यांच्या तोंडून? कारण त्या निसर्गाच्या जवळ होत्या."

सगळ्या हसल्या. टाळ्यासुद्धा पडल्या. आणि मला एकदम आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यातली मोरी दिसली.

१९९२ चा डिसेंबर. मी बारावीला. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत मी, आई, बाबा आणि आजी ओळीने झोपायचो. पुण्याची थंडी तेव्हा थंडी होती, पहाटे तोंडातून वाफ निघायची. आणि माझी आई रात्री दीड-दोनला उठून पंखा लावायची. डिसेंबरात! मी गोधडीतून उठून बंद करायचे, ती परत लावायची, मी परत बंद. जुनं काळं बटण होतं, खटक, खटक, खटक. शेवटी ती निमूट उठून मोरीपाशी जायची आणि तिथे शहाबादी फरशीवर भिंतीला टेकून बसायची, पदराचं टोक ओलं करून मानेवर ठेवलेलं, हातात जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, त्याने वारा घेत. एकदा मी जाम चिडले आणि म्हणाले, "आई, वेड लागलंय का तुला? माझी बारावी आहे!" ती काही बोलली नाही. पुठ्ठा हलवत राहिली.

तर हे आमच्या आईचं निसर्गाच्या जवळ असणं. निसर्ग म्हणजे मोरी.

असो. सेशनच्या शेवटी डबा निघाला, निघणारच होता. शतावरी, अश्वगंधा, जवस आणि अजून काय काय, तीन महिन्यांचा कोर्स, एरवी ६,५०० पण आज फक्त ४,९९९. त्याच्याआधी 'हार्मोन प्रोफाइल', त्यांचाच माणूस घरी येऊन रक्त घेऊन जाणार. मी सत्तेचाळिशीला हीच तपासणी लिहून द्या म्हणून माझ्या डॉक्टरांच्या मागे लागले होते, तर त्या म्हणाल्या, अहो पंचेचाळिशी उलटली, पाळी मागेपुढे होतेय, अंगातून एकदम गरम वाफा येतायत, झालं की निदान, रक्त कशाला काढताय? ह्या काळात ते आकडे आज एक दाखवतील, परवा भलतेच. आणि बॅलन्स बॅलन्स म्हणजे कशाचा? अंडाशय रिटायर होतायत. कधी दोन महिने अंग चोरणार, कधी एकदम ओव्हरटाइम करणार, आणि मग एक दिवस कायमची रजा. बारा महिने सलग पाळी आली नाही की झाला मेनोपॉज. आपल्याकडे बायकांना सरासरी ४६-४७ ला येतो, तिकडे गोऱ्या देशांत ५१ च्या आसपास. ह्यात डब्याने काय बॅलन्स करायचंय ते मला तरी कळलं नाही.

मी हात वर करून विचारलं, माझी थायरॉइडची गोळी चालू आहे, अश्वगंधा चालेल का? तर म्हणे, "अहो नॅचरल आहे, साइड इफेक्ट शून्य!" नॅचरल तर धोतराही आहे बाई, खाता का? अश्वगंधेने थायरॉइडचे आकडे हलू शकतात, लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत, डेन्मार्कने २०२३ ला बंदीच घातली. आता लगेच कमेंटमध्ये आयुर्वेदाचा अपमान म्हणून कोणी येऊ नका. चांगल्या वैद्याकडे जाऊन, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगून, प्रकृती दाखवून घेत असाल तर गोष्ट वेगळी. माझ्या मावसबहिणीला शतावरी कल्पाने बरं वाटलं. वाटलं असेल, मी कुठे नाही म्हणतेय. पण पंचवीस बायकांना एकच डबा, नाडी न बघता, हा कुठला आयुर्वेद?

आणि मी काही घरगुती गोष्टींच्या विरोधातली नाही, मला ओळखता तुम्ही. माझ्या डब्यात वर्षानुवर्षं जवसाची चटणी असते, खरपूस भाजलेल्या जवसात सुकी लाल मिरची आणि लसूण, वरून कच्चं तेल, भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. वाफा कमी झाल्या का तिने? एक पण नाही. पोट मात्र साफ. सोयाबीनचं दूध पण दोन महिने प्यायले, कोणाकोणाला त्याने थोडा फरक पडतो म्हणतात, मला फक्त गॅस झाला. नाचणी खातेच, पण नुसत्या नाचणीवर पण भागत नाही हो, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि पाळी गेल्यावर आपल्याला लागतं दिवसाला १२००, म्हणजे दूध-दही-तीळ सगळंच आलं. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं भसाभस झिजतात. आमची आई बासष्टाव्या वर्षी बोळात नुसती पाय घसरून हातावर पडली तर मनगट मोडलं. तेव्हा पण सगळे म्हणाले, वय झालं.

मला खरं काय उपयोगी पडलं सांगू? तळजाईच्या टेकडीवर सकाळी सहाला चालणं, त्याने वाफा थांबल्या नाहीत पण तो मोराचा आवाज ऐकला की आदल्या रात्रीची चिडचिड जरा खाली बसते. मुलाचे धूळ खात पडलेले डंबेल्स. रात्री सुती गाऊन आणि उशाशी दुसरा सुती गाऊन, पहिला भिजला की अंधारात बदलायला. संध्याकाळचा चहा बंद, हा सगळ्यात मोठा त्याग. आणि गेल्या वर्षापासून हार्मोनचं जेल.

हो. हार्मोन. झाला का आ वासून? ह्या विषयावर आमच्या ग्रुपमधल्या दोघींनी मला जवळजवळ वाळीत टाकलं होतं, कॅन्सर होईल, कॅन्सर होईल. २००२ मध्ये अमेरिकेत ह्याच हार्मोन्सवरचा एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला आणि जगभर बोंब झाली, ती भीती अजून उतरलेली नाही. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं हे मात्र कोणी सांगत नाही. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बऱ्याच जणींना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असं आता डॉक्टरच सांगतात. सगळ्यांना चालत नाही, मान्य, ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला असेल किंवा रक्ताच्या गाठी झालेल्या असतील तर साधारण नाहीच देत. आणि माझी गर्भपिशवी जागेवर आहे म्हणून जोडीला रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी घ्यावीच लागते, नुसतं जेल नाही चालत. पण मला महिन्याभरात सलग पाच तास झोप लागली. पाच तास! सकाळी नवऱ्याला उठवून सांगितलं.

त्याच्यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत हाच पंख्याचा खेळ आमच्या बेडरूममध्ये. मी लावतेय, नवरा बंद करतोय, आता ते काळं बटण नाही, रिमोट आहे, एवढीच प्रगती. एका रात्री मी तिरीमिरीत उठून किचनमध्ये गेले आणि सिंकखाली टाइल्सवर फतकल मारून बसले. हाताला पिझ्झाचा रिकामा बॉक्स लागला, त्याचं झाकण फाडून वारा घ्यायला लागले. आणि मध्येच हात थांबला माझा. पुठ्ठा!

माझ्या डॉक्टरांनी छान समजावलं होतं. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी एक जागा असते, इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की ती भयंकर हळवी होते, जराशी ऊब वाढली तरी आग लागली समजून सगळे पंप चालू करते, म्हणून तो घाम आणि ती धडधड. दोन मिनिटांत सांगून झालं. हे आईला कोणी दोन मिनिटं सांगितलं असतं तर?

आता सगळ्यात मोठी तिडीक कशाने आली ते. सेशनमध्ये एकीने, नाव नाही लिहीत, हळूच विचारलं की पाळी जाऊन दोन वर्षं झाली पण मागच्या आठवड्यात परत थोडं दिसलं. बाई काय म्हणाव्यात? "छान, शरीर शुद्ध होतंय." मी उठलेच. अहो, वर्षभर बंद होऊन परत एक थेंब जरी दिसला तरी डॉक्टरकडे जायचं असतं, बहुतेक वेळा साधंच काही निघतं, पण पिशवीच्या कॅन्सरची पहिली खूण तीच असते. त्या मैत्रिणीला चपला घालताना गाठलं, उद्या सकाळी अकराची अपॉइंटमेंट मी स्वतः घेऊन दिलीय आणि मी बरोबर जाणारे. बाईंना सगळ्यांसमोर काय बोलले ते इथे लिहीत नाही, आवाज चढला एवढं नक्की. सेक्रेटरीबाईंचा फोन येऊन गेला, पाहुण्यांशी असं वागतात का म्हणून. वागतात. मी वागते.

आणि 'निसर्गाच्या जवळ' म्हणजे नक्की कोण हो? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बीडकडच्या. त्यांची बहीण ऊसतोडीला जायची, नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, उचल तर आधीच घेतलेली. तिशीच्या आत पिशवी काढून टाकली तिने. एकटी ती नाही, २०१९ मध्ये हे सगळं बाहेर आलं तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. अंडाशय पण काढलं असेल तर ऑपरेशन झालं की लगेच मेनोपॉज, तिसाव्या वर्षी, आणि नाही काढलं तरी बऱ्याचदा लवकर येतो. ती बाई रोज मातीत, उन्हात, मोळ्या डोक्यावर. अजून किती निसर्गाच्या जवळ जायचं तिने? तिला ४,९९९ चा डबा द्यायचा का?

थोडं पाणी पिऊन आले.

ठीक आहे, सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. माझ्या नणंदेला पाळी कधी गेली ते पत्ताच लागला नाही, नशीब. त्या बाई झोपेबद्दल बोलल्या ते पण बरोबरच होतं. आणि वाईट हेतूने बोलत असतील असंही नाही, त्यांच्या आईनेही त्यांना काही सांगितलं नसेल.

दुपारी आईकडे गेले. वाडा पाडून तिथेच बिल्डिंग झाली, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट आहे. आई आता ऐंशीची. चहा झाल्यावर सरळ विचारलं, आई, तू बारावीच्या वेळी रात्री मोरीपाशी जाऊन बसायचीस ना, वाफा यायच्या ना गं तुला? घरात आम्ही दोघीच, तरी आधी दाराकडे बघितलं तिने.

म्हणाली, "वाफा का काय ते मला कुठे माहीत होतं. मला वाटलं टीबी झाला."

तिच्या काकाला टीबी होता. रात्री असाच घामाने भिजायचा, तिने लहानपणी बघितलेलं. मंडईत जाऊन येते सांगून ही एकटी गाडीखान्याच्या दवाखान्यात गेली, छातीचा फोटो काढून घेतला, तो स्वच्छ आला. तरी हिचा विश्वास बसेना, घाम तर येतच होता ना. बाबांना सांगितलं नाही. आजी तर म्हणायची, थंडीत पंखा लावते, हिची लक्षणं बघा.

मी विचारलं, अगं पण मग मला तरी सांगायचंस.

"तुला कसं सांगणार, तुझी बारावी. आणि तुलाही लागण झाली असती म्हणजे? म्हणून तर तिकडे मोरीपाशी जाऊन बसायचे."

मी खाली तिच्या पायाशी बसले. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, पंखा वाढव जरा, आणि ह्या नव्या फरश्या बघ, नुसत्या चकचकीत, मेल्या गार म्हणून लागत नाहीत.