विशेष खूण : नाही

सगळ्यात आधी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मी हरवलो नव्हतो.

हे लिहायची वेळ आली, कारण आज सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर जिन्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन भेटले आणि म्हणाले, "काय, सापडलात का?" मागे त्यांच्या सौ. उगाचच बुटाची लेस बांधत होत्या. म्हणजे धाकट्या मेव्हणीने वारीत काढलेला तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपची हद्द ओलांडून सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पोचलेला आहे. आता पाण्याचा टँकर, पार्किंगचे वाद आणि मी, असे तीन विषय तिथे चालू आहेत.

जोडीने पायी वारी करायची ही कल्पना माझी. लग्नाला ३१ वर्षं झाली, त्यातली निम्मी माझ्या बदल्यांत गेली, उरलेली पोरांच्या परीक्षांत. म्हटलं, नोकरी सुटली आहे, आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, बरोबर चालू, चार गोष्टी बोलू. ओळखीतल्या एका दिंडीत दोघांची भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरली, वळकट्या बांधल्या, ट्रकवर चढवल्या.

आता, ज्याने वारी केली आहे तो इथेच हसला असेल. दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, मग विणेकरी, आणि त्यांच्या मागे तुळशी-हंडा घेतलेल्या बायका. म्हणजे मी पुढे आणि ही मागे, मधे पन्नास माणसं आणि एक पखवाज. मागे वळून बघावं तर मागच्याचे टाळ थेट कानाशी. रात्री पुरुषांची राहुटी वेगळी, बायकांची वेगळी. आम्ही भेटायचो ते टँकरपाशी, हातात बादली घेऊन, चाळीतल्या शेजाऱ्यांसारखे. "झोप लागली का?" "लागली. तुम्हाला?" "हो हो." संपला संवाद. याहून जास्त आम्ही घरी बोलतो, आणि घरी तर टीव्ही चालू असतो.

तिला झोप लागत नव्हती हे मला वाल्ह्याच्या मुक्कामी कळलं, तेही दुसऱ्याच बाईकडून. बायका पहाटे दोन-अडीचला उठतात, कारण उजाडलं की आडोसा नाही. फिरती शौचालयं आता असतात, नाही असं नाही, पण त्यांच्या दारापुढची रांग बघितली आणि आतली अवस्था ऐकली की माणूस अंधारच पसंत करतो. म्हणून ही दिवसभर घोट घोट पाणी पीत होती. जूनच्या उन्हात. मी मात्र येता-जाता वाटेत वाटतील ते सरबत, चहा, ताक ढोसत होतो, कारण पुरुषाला या देशात प्रत्येक झाड म्हणजे आडोसा. लोक वारीच्या शिस्तीचं कौतुक लिहितात, हेलिकॉप्टरमधून फुलं टाकतात. फुलं जरा कमी टाकली तरी चालतील. असो. यात विनोदी काही नाही, पुढे चला.

तर, प्रसंग दिवेघाटातला. त्या दिवशी एकादशी. पुणे ते सासवड हा सगळ्या वाटेतला लांब पल्ला, तीस-बत्तीस किलोमीटर. वर घाट, त्याच्या वर उपास. उपास म्हणजे वाटेत सगळे हात पुढे करून खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, बटाट्याचा कीस कोंबत असतात. एवढं मी चातुर्मास संपल्यावरही खात नाही. शिवाय त्या दिवशी अर्धं पुणं आपल्याबरोबर चालतं. घडी न मोडलेले कुर्ते, कपाळावर ठसा मारून घेतलेलं गंध, आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर 'जरा बाजूला होता का काका, फ्रेममध्ये येताय'. काकांच्या पायाला फोड आलेला असतो, काकांना कुठे व्हायचं ते कळत नाही.

तो फोड बांधून घ्यायला मी वडकीला, विसाव्याच्या वेळी, एका औषधाच्या तंबूत शिरलो. बाहेर आलो तर दिंड्या उठलेल्या. धावतपळत आमच्या नंबरची पाटी गाठली, रांगेत घुसलो, टाळ धरले आणि चालू लागलो. दीड तास चाललो. अभंग ओळखीचा, चाल ओळखीची, शेजारच्याने मला तंबाखूसुद्धा विचारली. माझ्यात काही चुकतंय असं त्या दिंडीतल्या एकाही माणसाला वाटलं नाही, ही गोष्ट मला नंतर लागली.

भानगड अशी की दिंडीचा नंबर नुसता सांगून चालत नाही. रथापुढची अमुक नंबर आणि रथामागची अमुक नंबर अशा दोन दोन असतात. आमची रथामागची. मी रथापुढच्या दिंडीत. या सोहळ्याला शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, ते मूळचे शिंद्यांच्या पदरी, लष्करातले, असं सांगतात. घाट चढताना मी मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोललो. नंबर काही त्यांनी घातले नसतील, पण त्या क्षणी कुणाला तरी बोलणं भाग होतं.

मोबाइल होता. पण माउलींचा रथ जादा बैलजोड्या लावून घाट चढत असतो तेव्हा मोबाइलमध्ये नुसते दांडे दिसतात, माणूस लागत नाही.

घाट संपला, वर आलो, आणि जिथे जरा उंचवटा होता तिथे उभा राहिलो. हिची दिंडी मागून येणारच. मी एका जागी उभा आहे, ती हलती आहे. मग हरवलेलं कोण? हा साधा भूमितीचा प्रश्न आहे.

तेवढ्यात भोंगा वाजला. पुढे शंभर-दीडशे पावलांवर गावकऱ्यांनी मांडव घातला होता, त्यावर चार दिशांना चार कर्णे. "एक चष्मा घावलाय, काळ्या काडीचा, एक काच फुटल्याली. एक स्टीलचा डबा घावलाय, तीन ताळी. आतली खिचडी संपल्याली हाय, डबा घेऊन जावा." आवाज असा की घाटाने दोनदा परत करावा. माझ्या शेजारी एक गृहस्थ केळं सोलत बसले होते. ते अभिमानाने म्हणाले, "आमचा गावकरी हाय. बैलगाडा शर्यतीचा निवेदक. गेल्या साली एक बैल उधळला, तर ह्याच्या वर्णनावर धा मिन्टांत घावला."

मग कर्ण्यातून हिचा आवाज आला. म्हणजे मला शोधत ही दिंडी सोडून माझ्याही पुढे पोचली होती. निवेदकबुवा माइक बंद करायला विसरले होते. विसरले होते असं मी अजूनही धरून चाललो आहे.

"बोला ताई, कोण हरवलंय?"

"आमचे हे."

"नाव-गाव सांगता येतंय का त्यांस्नी?"

"येतं. विचारलं नाही तरी सांगतात."

"वय?"

"अठ्ठावन्न."

"रंग?"

"रंग..." इथे ती थांबली. "असाच. मध्यम."

"उंची?"

"मध्यमच म्हणायची."

"अंगावर काय?"

"पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. गळ्यात टाळ."

कर्ण्यातून नुसता श्वासोच्छ्वास ऐकू आला. मग बुवा म्हणाले, "ताई, जरा या स्टुलावर उभ्या ऱ्हावा. आता घाटाकडं बघा. किती दिसत्यात?"

"अगंबाई. सगळेच."

घाट हसला. मी हातवारे केले, ओरडलो, "अहो, तो मी!" केळेवाल्या गृहस्थांनी मान वर केली. "कोन?" म्हटलं, "ते मध्यम." त्यांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत निरखलं आणि म्हणाले, "व्हय. हायसा खरं."

पुढे जायला वाट नव्हती. समोर एक अख्खी दिंडी पावल्या खेळत होती, तिच्यातून आडवं घुसणं म्हणजे पाप, आणि पुन्हा पायाला फोड.

"तर मग विशेष खूण सांगा," बुवा चालूच. "तीळ, डाग, व्रण, सोन्याचा दात?"

"पायाला फोड आलाय."

"फोड आज समद्यास्नी आल्यात. कायमची खूण सांगा."

शांतता. मी घाटावर उभा राहून, हजारो माणसांसोबत, माझी बायको माझ्याबद्दल काय आठवते याची वाट बघत होतो. माझ्या हनुवटीवर टाक्यांची खूण आहे. आमच्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिचंच कपाट सरकवताना लागलेली. चार टाके. ती स्वतः दवाखान्यात बरोबर होती.

"नाही हो," ती म्हणाली. "तसं लक्षात राहण्यासारखं काही नाही."

हे वाक्य घाटाने दोनदा परत केलं.

"किती वर्सं झाली लग्नाला?"

"एकतीस."

"बघा आता," बुवांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. "बैल असता तर सोपं होतं ताई. डाव्या शिंगाला खाच, कपाळावर चांद, पांढरा हाय का कोसा हाय, आदत हाय का दुसा हाय, मालक झोपेत सांगतो. नवऱ्याचं अवघड हाय. बरं, उभं कसं ऱ्हात्यात ते तरी सांगा."

"हां!" हिचा आवाज एकदम खुलला. "दोन्ही हात कमरेवर ठेवून. घरात काही काम निघालं की हमखास. ढिम्म हलत नाहीत."

एक क्षण सगळं गप्प. मग बुवांनी, शर्यतीत शेवटच्या फेरीला लावतात तो आवाज लावला. "अवो ताई! दोन्ही हात कमरंवर, शेजारी बायको न्हाई, आन् जागंवरनं हालत न्हाई... अवो त्यालाच शोधाया तर ही लाखो मान्सं पंढरीला निघाल्यात!"

काय विचारता. 'पुंडलिक वरदे'चा असा गजर झाला की रथाचे बैल बिचकले असतील. टाळ वाजले, मृदंग वाजले, कुणीतरी फुगडी धरली. केळेवाले गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत होते. मी हळूच कमरेवरचे हात खाली घेतले, पण उशीर झाला होता. "घावलं रं!" ते ओरडले. "हितं हाय, हितं!"

मग काय, "सोडा, सोडा, त्यांस्नी पुढं सोडा" करत मला हातोहात मांडवाकडे पोचवण्यात आलं. वाटेत दोघातिघांनी माझ्या पाया पडून घेतलं. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात हे मला माहीत आहे, पण हसत हसत पडत नाहीत. मांडवात पोचलो तर डब्याचा मालक माझ्या आधी येऊन डबा घेऊन गेलेला. चष्मा आणि मी उरलो होतो. बुवांनी मला तिच्यासमोर उभं केलं. "बघून घ्या ताई. हाच का?"

तिने बघितलं. गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं.

"हेच."

"दुसरं कुनी मागाया आलं न्हाई, तवा घेऊन जावा," म्हणून बुवांनी वहीत सही घेतली. तिची. माझी नाही. मेव्हणी मोबाइल धरून उभी होतीच.

सासवडपर्यंत आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलत नव्हतो. तिच्या ते लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही, कारण ती पुन्हा पन्नास माणसांमागे होती. संध्याकाळी पालखी तळावर समाजआरती झाली. वारीतली मला सगळ्यात आवडती गोष्ट. एवढा जनसागर टाळ कुटत असतो, चोपदार चोप वर करतात, आणि एका क्षणात टाचणी पडली तरी ऐकू यावी. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जाऊन तक्रार ऐकतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची यादीही वाचतात. माझ्या हातात टाळ होते. तक्रारही होती. पण वाजवले असते तर काय सांगणार होतो? माझ्या बायकोला माझी हनुवटी आठवत नाही?

पुढचे सगळे दिवस मी दिंडीत 'सापडलेले माउली' होतो. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, माउलींचा अश्व दौडत गेला, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे वाकले, तेव्हाही मागून आवाज आला, "सापडलेल्यांना पुढं घ्या रे, परत जातील." पंढरपूरला दर्शनाची रांग बघून आम्ही कळसाला हात जोडले. मी हात जोडलेलेच ठेवले, सोडले की कुठे जातात ते मला माहीत होतं.

काल रात्री, व्हिडिओ तिसऱ्यांदा वाजला तेव्हा, मी विषय काढला. म्हटलं, हनुवटी. टाके. कपाट.

"अगंबाई, हो की," ती म्हणाली. "पण त्याच्यावर दाढी होती ना दोन दिवसांची."

म्हटलं, तू हरवली असतीस तर मी ताडकन सांगितलं असतं. डाव्या भुवईवर तीळ.

"उजव्या," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

ती गाढ झोपल्यावर मी मोबाइलच्या उजेडात बघितलं. तीळ उजव्या भुवईवर आहे. पण समोरून बघणाऱ्याला तो डावीकडेच दिसतो, आणि भोंग्यावर वर्णन सांगायचं ते समोरून बघणाऱ्यासाठीच.