वॉकमनवर चुंबक? मामा, आधी विचारायचं तरी!

"जुना वॉकमन भंगारात देऊ नका! पाच मिनिटांत घरच्या घरी चालू करा," असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझ्या तीन ग्रुपवर आला, तिन्ही वेळा मी गप्प बसले. रविवारी चरईतले मामा पिशवीत स्वतःचा वॉकमन घालून नौपाड्याला आमच्याकडे आले. म्हणाले, "लिहिलं होतं तस्संच केलं गं, तरी चालेना." आता मात्र गप्प बसवत नाही.

मेसेजचा सारांश असा: आत गंज काढायचा स्प्रे मारा, मोटरची गती पुढे नेणारा बेल्ट तुटला असेल तर रबर बँड लावा, हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि झाकणाची खिडकी नेलपेंट रिमूव्हरने पुसा, सेलचा पांढरा थर लिंबाने काढा, जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवून हेडमध्ये "साचलेली वीज" घालवा. मग लाखाला विका.

चुंबकाचं आधी. मामांनी झाकणही उघडलं नाही, वरूनच चुंबक फिरवलं. आत कॅसेट होती. 1987 साली आजोळी भरलेली, आजीच्या भूपाळीची.

फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि त्या कणांचं चुंबकत्व ज्या क्रमाने लागलेलं असतं, तोच आवाज. स्पीकरचं चुंबक त्यावरून नेणं म्हणजे लिहिलेल्या पाटीवर ओला बोळा फिरवणं. पाटी अख्खी पुसली गेली नाही, एवढंच. माझ्या डेकवर लावली तर आजी गाते, बुडते, परत वर येते, परत बुडते. दर तीनेक सेकंदांनी. चुंबक गुंडाळीच्या एकाच बाजूवरून गेलं, म्हणून प्रत्येक वेढ्यातला तेवढाच तुकडा गेलाय. फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते, भरल्या गुंडाळीचा एक वेढा साधारण 15 सेंटिमीटरचा, हिशेब बरोबर बसतो. गुंडाळी लहान होत गेली तसे खड्डेही जवळजवळ येत गेले. मामांनी हेडफोन काढून ठेवला आणि चहा तसाच निवू दिला.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगते, नाहीतर कुणीतरी मलाच शिकवायला येईल. वीजबीज काही साचत नाही, पण वाजवून वाजवून हेडमध्ये थोडं चुंबकत्व साचतं. मग मागची सूं वाढते, झांजेसारखे वरचे आवाज बोथट होतात. त्यावर इलाज म्हणजे डीमॅग्नेटायझर. तो घरच्या विजेवर चालतो, त्याच्या चुंबकत्वाची दिशा सेकंदात पन्नासदा उलटसुलट होते, आणि तो हेडपासून हळूहळू लांब नेऊन मगच बंद करायचा, म्हणजे हेडमधलं चुंबकत्व विरत विरत संपतं. साधं चुंबक एकाच दिशेने ओढतं, म्हणजे काढायला गेलात तेच आणखी भरून ठेवलंत.

माझं ऐकू नका, सोनीची सर्व्हिस मॅन्युअल्स बघा. सुरुवातीच्याच सूचनांमध्ये असतं की हेड डीमॅग्नेटायझरने साफ करा, आणि ॲडजस्टमेंटला चुंबकत्व आलेला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. ज्यांनी वॉकमन बनवला ते स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला भितात, आणि आपण स्पीकरचं अख्खं चुंबक फिरवतोय.

हेड, कॅपस्टन आणि पिंच रोलर (फीत पुढे सरकवणारी काडी आणि तिला टेकलेलं रबरी चाक) पुसायलाही तिथे अल्कोहोलच सांगितलंय. नेलपेंट रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं आणि ते प्लॅस्टिक खातं. मामांच्या वॉकमनची खिडकी आता मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली लॅमिंग्टन रोडला मिळते, सोबत कानाच्या कापसाच्या काड्या घ्या, झालं.

स्प्रे म्हणजे शेवटी तेलच. कॅपस्टनची पोलादी काडी आणि पिंच रोलरचं रबर यांच्या चिमटीत धरून फीत पुढे सरकते. चिमटीला तेल लागलं की फीत घसरते, रोलरला गुंडाळते, आणि "कॅसेट खाल्ली" म्हणून बोंब. शिवाय तेलाने रबर फुगतं. मामांचा बेल्ट पुलीवरून उतरून शेवयांसारखा लोंबत होता.

मिठाईच्या पुड्याचा रबर बँड बेल्टच्या जागी लावून बघाच. जाडी सगळीकडे सारखी नसते, ताणही नाही. कारखान्यात 3000 हर्ट्झचा एकच सूर भरलेल्या टेस्ट टेपवर वेग जुळवलेला असतो. रबर बँडवर प्रत्येक गायक चार पेग मारून आल्यासारखा वाटतो.

लिंबाचं चालेल. मनात नाही, पण चालेल. अल्कलाइन सेल गळला असेल तर थर क्षाराचा असतो, लिंबाने जातो. नंतर अल्कोहोलने पुसून कोरडं करा. पण आपल्याकडचे जुने साधे सेल गळले तर ती गळती आम्लाकडे झुकणारी, तिथे आणखी लिंबू कशाला पिळता?

आणि लाख रुपये! 1979 चं पहिलं निळं मॉडेल, टीपीएस-एल2, चांगल्या अवस्थेत असेल तर शौकीन खरंच भरपूर मोजतात. त्यानंतर सोनीने वीस कोटींच्या घरात कॅसेटवाले वॉकमन विकले. मामांचा त्या वीस कोटींतला.

बेल्ट मागवलाय, रोलर पुसून ठेवलाय. कॅसेट आहे तशी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, खड्ड्यांसकट. निघताना दारात चपला घालता घालता मामा म्हणाले, "तो मेसेज मी ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवरही टाकलाय गं."

मामा, आता हाही टाका.