ग्लिसरीनला सीरमच्या पंक्तीत का बसवलं?

नमस्कार ताई,

ग्लिसरीनची तुलना मी सीरममधल्या हायलुरॉनिक ॲसिडशी केली, त्यावरून तुम्ही मला चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हायलुरॉनिक ॲसिड स्वतःच्या वजनाच्या हजार पट पाणी धरतं, ग्लिसरीन म्हणजे जुन्या काळची चिकट बाटली, दोघांना एका पंक्तीत बसवणं ही गिऱ्हाइकांची दिशाभूल. वर 'राजारामपुरीत मेडिकल चालवणाऱ्यानं गोळ्या विकाव्यात, पार्लरवाल्यांना शिकवू नये' हा टोलाही. टोला पोचला. आता माझंही ऐका.

आधी ते हजार पटीचं. हायलुरॉनिक ॲसिडचा लांबलचक रेणू चिमूटभर टाकला तरी पाणी दाटसर होतं, यात वाद नाही. पण ते झालं बाटलीतलं. चेहऱ्यावर ते पाणी किती वेळ टिकणार, हे त्या आकड्यातून कळत नाही. मोठे रेणू कातडीच्या वरच राहतात, पातळ थर धरतात, हाताला मऊ लागतं. कापून लहान केलेले थोडे खाली उतरतात. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ गुरांच्या डोळ्यांतून वेगळा केला, पुढं तो कोंबड्याच्या तुऱ्यातून काढू लागले, आता बहुतेक जिवाणू वाढवून काढतात. (शाकाहारी गिऱ्हाईक हमखास विचारतं, म्हणून सांगून ठेवलं.)

ग्लिसरीन आपल्या कातडीत मुळातच असतं. ते पेशीत आत-बाहेर करतं ॲक्वापोरिन-३ नावाच्या प्रथिनाच्या वाटेनं. हे प्रथिन नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले, तर त्यांची कातडी कोरडी पडली, लवचीकपणा गेला. आणि ग्लिसरीन दिल्यावर दोन्ही सुधारलं. हे काम २००३ सालचं. आजीच्या बाटलीला एवढा पुरावा असेल, असं कुणाला वाटत नाही, कारण तिच्यावर ड्रॉपर नसतो.

आता तुमच्याच पार्लरमधली सीरमची बाटली उलटी करा. घटक जास्तीपासून कमीकडं लिहायचे, असा नियम आहे. फक्त १ टक्क्याखालचे शेवटी कसेही लिहिले तरी चालतात. त्या यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे टिकवण्यासाठी घातलेलं असतं आणि १ टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. म्हणजे त्याच्यानंतर जे काही येतं, ते १ टक्का किंवा त्याहून कमी. माझ्या काउंटरवर आत्ता एक सीरम आहे : पाणी, मग ग्लिसरीन, मग दोन-तीन द्रावक, मग फिनॉक्सीइथेनॉल, आणि त्याच्या मागं सोडियम हायलुरोनेट, म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडचंच क्षाररूप. पुढच्या बाजूला ठळक नाव कुणाचं, ते तुम्हाला माहीत आहेच. गिऱ्हाईक 'काय मऊ झालीय कातडी' म्हणतं, त्यातलं बरंचसं श्रेय दुसऱ्या नंबरवाल्याचं.

चिकटपणाबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि हा मुद्दा छोटा नाही. श्रावणात, पावसाच्या उघडिपीत, घामेजल्या चेहऱ्यावर नुसतं ग्लिसरीन कुणी लावून दाखवावं! धूळ बसते, काहींना चुरचुरतं. नुसतं लावायचंही नसतं. गुलाबपाण्यात थोडं मिसळतात ते उगाच नाही. अशा दिवसांत हलकं सीरम सुखाचं, आणि त्या सुखाचे पैसे कुणी देत असेल तर देऊ दे. फक्त ते 'जास्त ताकदीचं' म्हणून विकू नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्यांचे गाल फुटतात, तेव्हा दोन्हीपैकी एकटं कुणीच पुरत नाही. वरून क्रीम नाहीतर व्हॅसलीनचा पातळ हात हवा, कारण पाणी ओढून घेणं आणि ते उडू न देणं ही दोन वेगळी कामं.

नायसिनमाइड (सीरममध्ये घालतात ते ब-३ जीवनसत्त्वाचं रूप) १० टक्क्यांचं घ्यावं की ५, हेही विचारलंय. अभ्यास बहुतेक २ ते ५ टक्क्यांवरच झालेत. दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट गुण नव्हे. नाजूक कातडी लाल मात्र होऊ शकते.

राहिला धंद्याचा संशय. ताई, सीरमच्या एका बाटलीवर मला जे सुटतं, ते ग्लिसरीनच्या अख्ख्या खोक्यावर सुटत नाही. स्वस्त विकून माडी बांधायचा विचार असता तर फार चुकीचा माल धरला म्हणायचा.

तुमच्याकडं शिल्लक असलेला माल टाकून द्यायची गरज नाही. फेशियल झाल्यावर चेहरा पुरता कोरडा करू नका, ओलसर असतानाच सीरम लावा आणि लगेच वर क्रीम. आणि गिऱ्हाइकानं 'घरी काय लावू' विचारलं, तर आधी त्याचं बजेट विचारा.